दोन पेगनंतरचा मी खरा, की त्याच्या आधीचा?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

वय २९, मराठवाड्यातलं छोटं गाव, माळकरी घर, दहावीपर्यंत मराठी मीडियम. इंजिनिअरिंग झाल्यावर गेली सहा वर्षं पुण्यात हिंजवडीला आयटीत. लिहितात: "ऑफिसात मी मुका असतो. मुद्दा माहीत असतो पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. टीमच्या पार्टीत मात्र दोन पेग झाले की मीच सगळ्यांना हसवतो, इंग्रजी फाडफाड सुरू होतं, लोक म्हणतात अरे तू रोज असा का नसतोस. सहा महिन्यांपूर्वी टीम लीड झालो, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल असतो, घरूनच घेतो. एकदा फार टेन्शन होतं म्हणून आधी एक पेग घेतला, कॉल मस्त झाला. आता प्रत्येक कॉलच्या आधी घेतो, आणि हल्ली एकाने भागत नाही. पहिला घोट घेतला की लगेच मोकळं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत धडधडतं, काल काय बोललो ते आठवत बसतो. घरचे स्थळं बघतायत, पुढच्या महिन्यात एका मुलीला कॅफेत भेटायचंय आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच की थोडी घेऊन जावं का. लहानपणी गावच्या सप्ताहात मी पखवाज वाजवायचो, तेव्हा असलं काही व्हायचं नाही. गळ्यातली माळ हॉस्टेलला आल्यावर काढून ठेवली, मी घेतो हे आईला अजून माहीत नाही. मला कळत नाही यातला खरा मी कोणता. आणि एक-दोन पेगने काम चांगलं होत असेल तर त्यात एवढं काय बिघडतं?"

---

तुला तूच म्हणते हं, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस, अहोजाहो केलं तर मला नीट बोलताच येणार नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा लक्ष पेगांकडेच गेलं, तिसऱ्यांदा मात्र पखवाजाच्या ओळीवर अडकले. तू ती जाता जाता लिहून टाकलीयस, आणि मला विचारशील तर अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात मोलाची आहे. तिच्याकडे येते, पण आधी तू सरळ विचारलंयस तर सरळ उत्तर देते.

दारूने माणूस मोकळा होतो हे खोटं आहे असं मी तुला सांगणार नाही. ते खरं आहे. जे लोक "काही होत नाही रे, सगळा भ्रम असतो" असं सांगतात त्यांचं पुढचं काही पिणारा ऐकतच नाही, कारण त्याने स्वतः अनुभवलेलं असतं. २०१२ साली पिट्सबर्ग विद्यापीठात मायकेल सेएट आणि त्यांच्या टीमने ७२० जणांना, एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या तिघातिघांच्या गटात बसवून पाहिलं, काही गटांना दारू दिली, काहींना दिली नाही, तर दारूवाल्या गटांत लोक जास्त वेळा एकत्र हसले, तिघंही बोलत राहिले आणि आपलं छान जमलंय असं त्यांना जास्त वाटलं. म्हणजे 'बसलं' की ओळखी होतात असं आपल्याकडे म्हणतात त्यात तथ्य आहे. मला तुझ्याशी बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर, की त्या वेळी तुझ्या आत नेमकं काय होतं आणि त्याचं श्रेय तू कुणाला देऊन बसलायस.

मेंदूत एक ब्रेक मारणारं रसायन असतं, गाबा, आणि एक पळवणारं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याचा कमी करते, आणि कपाळामागचा जो भाग प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर पडायच्या आधी तपासून बघतो, हे बरोबर आहे का, लोक हसतील का, इथे 'हॅज' येतो की 'हॅव', तो भाग सुस्तावतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली हे फार चांगलं समजावून सांगितलंय, त्यांचं म्हणणं असं की दारूने लक्षाचा घेर लहान होतो. गावाकडे लाइट गेल्यावर आपण बॅटरी लावायचो ना, जेवढ्यावर उजेड पडेल तेवढंच दिसायचं, बाकीचं अंगण असूनही नसल्यासारखं, तसं. पार्टीत समोर हसणारी माणसं असतात म्हणून उजेड त्यांच्यावर पडतो आणि 'माझं इंग्रजी' हा कोपरा अंधारात जातो. पण तोच माणूस घरी एकटा, डोक्यात एखादं दुःख घेऊन प्यायला बसला तर उजेड नेमका त्या दुःखावर पडतो आणि मग तो रडत बसतो, हे तूही पाहिलं असशील. तीच बाटली, तेवढीच दारू. आणि हाच लहान झालेला घेर घेऊन माणूस बाइकवर बसतो तेव्हा 'मला काय होतंय, मी नीट चालवतो' हे त्याला अगदी मनापासून खरं वाटत असतं. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथवर जायला दोन पेग बऱ्याच जणांना पुरतात, त्यामुळे पार्टीहून परत कसा येतोस हे पण एकदा स्वतःला विचार, पत्रात काही लिहिलं नाहीयेस म्हणून विचारते.

आता बघ. जाते ती भीती. येतं ते इंग्रजी, ते विनोद, ते कुणाची तरी नक्कल करून सगळ्यांना हसवणं. हे कुठून येतं? व्हिस्कीत इंग्रजी नसतं रे. तुझ्यात असतं. सहा वर्षं तू इंग्रजीत मेल लिहितोयस, डॉक्युमेंट वाचतोयस, मीटिंगा ऐकतोयस, ते सगळं साठलेलं आहे. यावर अगदी तुझ्यासारखाच एक प्रयोग नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात झालाय, २०१७ साली छापून आला. तिथे शिकणारी ५० जर्मन मुलंमुली, जी नुकतीच डच भाषा शिकली होती, त्यांच्यातल्या काहींना थोडी दारू दिली, एका मोठ्या पेगपेक्षाही कमी, काहींना पाणी, आणि मग डच लोकांना त्यांचं बोलणं ऐकवलं, कोण प्यायलंय हे न सांगता. ऐकणाऱ्यांनी प्यायलेल्यांना थोडे जास्त मार्क दिले, विशेष करून उच्चारांना. गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे बोलणाऱ्यांना स्वतःला आपण जास्त चांगलं बोललो असं वाटलंच नाही. तू म्हणशील बघा, सिद्ध झालं. पण मला त्यात दिसतं ते हे की त्या मुलांना दारूने एकही नवा डच शब्द शिकवला नव्हता, शब्द त्यांच्याकडे होतेच, फक्त अडथळा तेवढा बाजूला झाला. आणि ही गोष्ट फक्त तेवढ्या कमी दारूची आहे, त्याच्या पुढे जीभ जड व्हायला लागते हे सांगायला कुठल्या प्रयोगाची गरज नाही.

दुसरी गोष्ट, जी तू स्वतःच लिहिलीयस. पहिला घोट घेतला की लगेच मोकळं वाटतं. लगेच? घशाखाली गेलेली दारू पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाऊन परिणाम दाखवायला काही मिनिटं घेते, भरल्या पोटी तर आणखी वेळ. मग पहिल्या घोटाला जे हलकं वाटतं ते कसलं? ते दारूचं नाही, 'आता मी घेतलीय, आता चुकलं तरी चालेल' या परवानगीचं आहे. १९७७ मध्ये टेरेन्स विल्सन आणि डेव्हिड अब्रॅम्स यांनी पुरुषांवर प्रयोग केला होता, काहींना खरंच व्होडका दिली, काहींना नुसतं टॉनिक वॉटर पण सांगितलं की यात व्होडका आहे, काहींना उलटं सांगितलं, आणि मग एका अनोळखी मुलीशी बोलायला बसवून हृदयाचे ठोके मोजले (हो, तुझ्या कॅफेसारखंच). ज्यांना वाटत होतं आपण प्यायलोय त्यांची धडधड कमी, मग ग्लासात खरोखर काय होतं त्याने फरक पडला नाही. दोन वर्षांनी तोच प्रयोग त्यांनी बायकांवर केला तर निघालं उलटंच, आपण प्यायलोय असं ज्यांना वाटत होतं त्यांची धडधड वाढली. का, तर प्यायलेल्या बाईकडे लोक कसे बघतात हे बाईला लहानपणापासून माहीत असतं, ती आणखी सावध होते. इथे वाचणाऱ्या बऱ्याच मुलींना हे सांगावं लागणार नाही. मला या दोन प्रयोगांमधून नेहमी हेच जाणवतं की धीर बाटलीत भरलेला नसतो, समाजाने कुणाला बिनधास्त वागायची सूट दिलीय त्यावर तो अवलंबून असतो, आणि तू ती सूट ग्लास हातात असल्याशिवाय स्वतःला देत नाहीयेस.

मग बिघडतं काय, तर हे. मराठवाड्यातला आहेस म्हणजे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात ते पाहिलं असशील, कदाचित बांधलाही असशील. डबा असेपर्यंत तू तरंगतोस पण तुला पोहता येतं की नाही हे तुलाही कळत नाही, एक दिवस काका डबा सोडायला लावतो आणि चार हात मारल्यावर कळतं अरे येतंय की. तू गेले काही महिने प्रत्येक कॉलला डबा बांधून उतरतोयस. कॉल चांगला झाला की मन म्हणतं डब्यामुळे झाला, आणि पुढच्या कॉलला डब्याशिवाय उतरायची भीती पहिल्यापेक्षा वाढलेली असते. त्यात हा डबा असा आहे की दरवेळी थोडं पाणी आत घेतो. आता एकाने भागत नाही असं तू लिहिलंयस ना, ते तेच. शरीर सरावतं, पहिल्याइतका परिणाम व्हायला जास्त लागते.

किती घेतोस हे पण एकदा मोजून बघ, 'एक पेग' हा शब्द फार फसवा आहे. बारमध्ये छोटा पेग ३० मिली असतो, मोठा ६० मिली, घरी मात्र आपण अंदाजाने ओततो आणि तो अंदाज वरच्या बाजूलाच जातो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि लिव्हर तासाला साधारण तेवढंच किंवा त्याहून थोडं कमी उरकतं. जे म्हणतात मी तर फक्त बिअर घेतो त्यांच्यासाठी, ६५० मिलीची ८ टक्के स्ट्राँग बिअर म्हणजे अशा चार छोट्या पेगांएवढं झालं. शिवाय दारू रक्तात चढत असताना जो उत्साह असतो तो उतरताना नसतो, उतरताना जडपणा येतो, तो घालवायला माणूस पुढचा भरतो. तासाभराच्या कॉलमध्ये तुला चढणंच अनुभवायला मिळतं, उतरणं कॉल संपल्यावर एकट्याने, फ्लॅटवर. म्हणून तुला कॉल तेवढे छान आठवतात.

आणि सकाळची धडधड. ही मला फार महत्त्वाची वाटते कारण तिचा तू चुकीचा अर्थ लावतोयस. रात्रभर मेंदू दारूने दाबलेलं सगळं परत वर आणायच्या खटपटीत असतो, ब्रेक कमी करतो, पळवणारं रसायन वाढवतो, आणि दारू निघून गेली तरी तो पळतच असतो. त्याची ती धडधड आहे. लाजाळू माणसांना ती जास्त होते असं ब्रिटनमधल्या २०१९ च्या एका अभ्यासात दिसलंय. पण तुला सकाळी वाटतं की मी मुळातच घाबरट आहे, काल काहीतरी वेडंवाकडं बोललो असणार, आणि त्या मनःस्थितीत तू ऑफिसला जातोस, मीटिंगला गप्प बसतोस, संध्याकाळी परत ग्लास भरतोस. त्या धडधडीतला काही भाग तुझा स्वभाव नाही रे, कालच्या रात्रीचा उतार आहे तो.

आता खरा मी कोणता याबद्दल. आधी एक तारीख जुळवून बघ. तू टीम लीड झालास सहा महिन्यांपूर्वी, आणि कॉलच्या आधी प्यायला लागलास त्याच्या नंतर. म्हणजे तुला टीम लीड केलं ते कुणाला बघून? त्या 'मुक्या' माणसाला बघून. पार्टीतल्या नकला बघून कुणी टीम हातात देत नाही. साडेपाच वर्षं जो माणूस दिवसा, शुद्धीत, कमी बोलून काम करत होता त्याच्यावर कुणीतरी विश्वास टाकलाय, आणि तू नेमका त्याच माणसाला कॉलला पाठवत नाहीयेस.

आणि पखवाज. सप्ताहात कीर्तनाला गावची चारपाचशे माणसं बसलेली असतात, समोर टाळकरी, बुवा चाल कधी बदलतील सांगता येत नाही, आणि पखवाजाचा एक ठेका चुकला तर पहिल्या रांगेतला म्हातारा मान वर करून बघतो. तिथे बारा-तेरा वर्षांचा तू न घाबरता वाजवायचास. म्हणजे माणसांची भीती तुझ्या रक्तात नाहीये, माणसांसमोर उभं राहायची भीतीही नाही. तिथे तुझं लक्ष कुठे असायचं आठव. बुवांच्या तोंडाकडे, टाळांच्या लयीकडे. 'मी कसा दिसतोय' हा कोपरा तिथेही अंधारातच असायचा, पण त्यासाठी काही प्यावं लागत नव्हतं, लक्ष कामावर असायचं एवढंच. आणि चुकलास तर कुणी 'हा कुठल्या गावचा' म्हणून बघणार नव्हतं, सगळं गाव तुझंच होतं.

म्हणून मला वाटतं तुझी भीती लोकांची नाही, हसं होण्याची आहे, आणि तेही एका ठरावीक गोष्टीवरून, इंग्रजीवरून आणि त्याच्यामागे जे येतं, शाळा कुठली, गाव कुठलं, त्यावरून. तू लिहिलं नाहीयेस पण पुण्यात आल्यावर कधीतरी कुणीतरी काहीतरी बोललं असणार. मी स्वतः तालुक्याच्या गावातून आलेली, कॉलेजात पहिल्याच प्रेझेंटेशनला एका सरांनी माझा एक उच्चार सगळ्या वर्गासमोर तीनदा म्हणून दाखवला आणि वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. मला कुणी पेग दिला नाही, मुलींना तेव्हा कुणी देत नव्हतं, मी गप्प राहणं हाच उपाय धरला आणि तो मला किती महागात पडला ते मलाच माहीत. त्यामुळे तुझ्या कोरड्या घशाला मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण तुझा क्लायंट तो वर्ग नाहीये. तो दिवसभर जगभरच्या लोकांचं इंग्रजी ऐकतो, त्याला एवढंच हवं असतं की शुक्रवारी काम मिळेल का आणि नाही तर कधी.

आता करायचं काय. एक रस्ता तू सुचवतोयस तो, मर्यादेत घेत राहणं. एरवी मी यावर विचार केला असता, पण ती मर्यादा एकावर होती आणि तू ती ओलांडल्याचं तूच लिहिलंयस, आणि कामाच्या आधी, एकट्याने, भीती घालवायला घेतलेली दारू मित्रांबरोबरच्या दारूसारखी नसते, सवय लागायला हीच वाट सगळ्यात जवळची आहे. दुसरा रस्ता आजपासून कायमची बंद. उत्तमच आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरोग्यासाठी अमुक एवढी दारू सुरक्षित असं काही नसतं. पण कायमची हा शब्द ऐकून तू घाबरशील आणि काहीच करणार नाहीस, म्हणून मी म्हणते पुढचे दोन महिने पूर्ण बंद, कॉलला तर नाहीच, पार्टीतही नाही. दोन महिन्यांनी पुढचं ठरव, पण ते डोकं ताजं असताना ठरव. आणि हे दोन महिने पाळता आले नाहीत तर त्यातून एक गोष्ट कळेल, तेव्हा लपवू नकोस, त्याबद्दल खाली लिहिलंय.

कॉलचं असं कर. घरून घेऊ नकोस. निदान पहिले चार-पाच कॉल ऑफिसात थांबून मीटिंग रूममधून घे, तिथे बाटलीच नाही. घरातली बाटली देऊन टाक किंवा ओतून दे. कॉलच्या तासभर आधी काहीतरी खा. घसा पहिल्या दोन मिनिटांतच कोरडा पडतो, म्हणून पहिली तीन वाक्यं कागदावर लिहून ठेव आणि मोठ्याने चारदा म्हण, तू पखवाजाचे बोल, परण पाठ करायचास तसं, हात आपोआप चालला पाहिजे. 'सॉरी, कॅन यू से दॅट अगेन' आणि 'लेट मी चेक अँड गेट बॅक टू यू' ही दोन वाक्यं जिभेवर असू देत, ती वापरणारा माणूस बावळट वाटत नाही, जबाबदार वाटतो. हळू बोल. आणि कॉलच्या आधी भीतीला दहापैकी किती मार्क ते लिही, संपल्यावर परत लिही. पहिला कॉल वाईट जाईल, हे आत्ताच सांगून ठेवते, अडखळशील, घाम येईल, कदाचित टीममधला कुणी विचारेल बरा आहेस ना. तिसऱ्या-चौथ्या कॉलपासून आकडे खाली येताना दिसायला लागतात, कारण शरीराला स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही की अडखळलो तरी काही आभाळ कोसळत नाही.

पार्टीला जा, टाळू नकोस. आणि शक्यतो लवकर जा, चार माणसं असताना बोलणं सोपं असतं, वीस जण झाल्यावर दारातून आत शिरणं अवघड. हातात लाइम सोडा धर. "अरे एक तर घे" म्हणणारे येतील, त्यांना लांबलचक कारण देऊ नकोस, अँटिबायोटिकचं कारण एकदाच चालतं आणि कारण दिलं की समोरचा ते खोडायला बसतो. "आज नाही, दे चकणा इकडे" एवढं पुरतं. तू हसवत नसलास तर काही बिघडत नाही, एकाशी नीट दहा मिनिटं बोललास तरी ती पार्टी झाली. आणि जे आग्रह करणारे हे वाचतायत त्यांना हात जोडून सांगते, समोरचा एकदा नाही म्हणाला की विषय सोडा, तो कशाशी झगडतोय तुम्हाला ठाऊक नसतं.

त्या मुलीला भेटायला मात्र घेऊन जाऊ नकोस, थोडीसुद्धा नको. वास येतो हे एक झालंच, पण त्याहून मोठं म्हणजे तिला जो माणूस आवडेल तो तुला रोज आणून द्यावा लागेल. तिला पण टेन्शन असणार, घरच्यांनी ठरवलेली भेट, अनोळखी मुलगा, ती काय अगदी निवांत येणार आहे का? बसल्यावर सरळ सांग, "मला पहिल्या भेटीत बोलायला थोडा वेळ लागतो." मराठीतच बोल. पखवाजाबद्दल सांग, तिला विचार ती लहानपणी काय करायची. आणि घेता का असं तिने विचारलं, हल्ली मुली विचारतात आणि विचारायलाच हवं, तर खरं सांग, घ्यायचो, गेला महिनाभर बंद केलीय. यावर ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे, पण खोटं बोलून झालेलं लग्न तुला त्याच रात्रीपासून लपवाछपवी करायला लावेल, आणि ती तू आईशी आधीच करतोयस.

आईचं म्हणशील तर माळ परत घाल असं मी सांगणार नाही, ते तुझं आणि तुझ्या विठोबाचं आहे. आईला आज उठून सांग असंही म्हणत नाही. पण हे जगात कुणालाच माहीत नाही ही गोष्ट मला बरी वाटत नाहीये. एक माणूस निवड, रूममेट, चुलतभाऊ, कुणीही जो ऐकून उपदेश करणार नाही, आणि त्याला कॉलच्या दिवशी संध्याकाळी फोन करून सांग की आज न घेताच कॉलला बसतोय.

आता ते खाली लिहिलंय म्हटलं होतं ते. दोन महिने जमले नाहीत, किंवा जमले पण भीती जराही कमी झाली नाही, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. लोकांसमोरची ही भीती हा नाव असलेला, उपचार असलेला त्रास आहे, कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपीने (म्हणजे बोलून, विचारांची आणि वागण्याची सवय हळूहळू बदलायचे उपचार) त्यात चांगला फरक पडतो, गरज असेल तर सायकिअॅट्रिस्ट औषध देतात. स्वतःच्या मनाने शांत व्हायच्या गोळ्या मात्र घेऊ नकोस, त्या आणि दारू एकत्र झालं तर श्वासावर परिणाम होऊन जीवाला धोका होतो. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. पुण्यातच आहेस तर मुक्तांगण आहे, १९८६ पासून व्यसनावर काम करतंय, तिथे फक्त 'हाताबाहेर गेलेले' लोकच जातात असं समजू नकोस. आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे रोज पितात, सकाळी ज्यांचे हात थरथरतात, घेतली की थांबतात, त्यांनी स्वतःहून एकदम बंद करू नका, एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते, आधी डॉक्टरला दाखवा, मग त्यांच्या देखरेखीखाली सोडा.

कॉल आठवड्यातून दोनदा असतो म्हणजे हे वाचल्यावर पुढचा दोन-तीन दिवसांतच असेल. तो ऑफिसातून घे. झाल्यावर मला दोन ओळी लिही, आधी किती मार्क होते आणि नंतर किती, अडखळलास तर कुठल्या वाक्याला अडखळलास ते पण लिही.